एम-वन, एम-टू आणि 'ते' सर: ज्युनिअर्सकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

ॲडमिशनची यादी लागली की आठ दिवसांत माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. पहिला असतो, "ताई, एम-वनला ते सर आहेत म्हणे?" आणि पहिल्या टेस्टनंतर येतो तो दुसरा, "ताई, मेले." मी २०२२ मध्ये नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात फर्स्ट इयरला आले. ठाण्याहून रोज ये-जा केली आणि एम-वन, एम-टू (फर्स्ट इयरच्या दोन सेमिस्टरचे गणिताचे विषय) दोन्ही याच सरांकडे शिकले. तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. यात माझ्याबरोबर मागच्यापुढच्या बॅचच्या पंधरा-वीस जणांची मतं मिसळलेली आहेत. जिथे मला ती पटली नाहीत तिथे तसं म्हटलंय. सरांचं आणि कॉलेजचं नाव लिहिलेलं नाही. ज्यांना लागतंय त्यांना ते ठाऊक आहे.

१. सर नक्की काय शिकवतात? एम-वन म्हणजेच कॅल्क्युलस का?

पूर्ण नाही. माझ्या वेळी मुंबई विद्यापीठाची २०१९ ची 'सी' स्कीम (म्हणजे अभ्यासक्रम) होती. तिच्यात एम-वनला कॉम्प्लेक्स नंबर्स, हायपरबोलिक फंक्शन्स, पार्शल आणि सक्सेसिव्ह डिफरन्शिएशन, मॅट्रिसेस आणि न्यूमेरिकल मेथड्स असं सगळं होतं. म्हणजे कॅल्क्युलस साधारण एक तृतीयांश. खरा कॅल्क्युलस एम-टूला येतो: डिफरन्शियल इक्वेशन्स, बीटा-गॅमा, डीयूआयएस (इंटिग्रलच्या चिन्हाखाली डिफरन्शिएशन), डबल आणि ट्रिपल इंटिग्रेशन. २०२४-२५ पासून एनईपीची (नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची) नवी स्कीम लागू झाली, तिची मार्कांची विभागणी वेगळी आहे. त्यामुळे खाली जे आकडे येतील ते 'सी' स्कीमचे समजा आणि स्वतःच्या बॅचचा सिलॅबस उघडून ताडून बघा.

२. एका वाक्यात सांग ना, सर चांगले शिकवतात की नाही?

फळ्यावर उत्तम शिकवतात, पेपर तपासायला कडक पण सरळ आहेत, आणि जिभेला हाड नाही. शेवटच्या मुद्द्याबद्दल प्रश्न ९ बघा.

३. सगळे म्हणतात सर खूप भराभर शिकवतात आणि फळ्यावर स्वतःच चुकतात. खरं आहे का?

भराभर शिकवतात हे खरं. चुकतात म्हणणाऱ्यांनी फळा नीट बघितलेला नाही.

सर आत आले की आधी खडूने फळ्याचे तीन उभे भाग करतात. डावीकडच्या पट्टीत त्या दिवसाची सूत्रं, ती तास संपेपर्यंत पुसली जात नाहीत. मधल्या मोठ्या भागात गणित. उजवीकडच्या पट्टीत ते मुद्दाम चुकीची स्टेप घेतात, आपण सगळे जी हमखास घेतो तीच, आणि दोन-तीन ओळी तशाच पुढे नेतात. मग थांबून विचारतात, "आता काय करणार?" कोणी बोलेपर्यंत शांत उभे राहतात. ही शांतता नवीन मुलांना फार लांब वाटते.

लोकल चुकल्यामुळे दहा मिनिटं उशिरा येऊन मागच्या बाकावर बसणारा मुलगा उजवी पट्टीसुद्धा इमानेइतबारे उतरवून घेतो. टेस्टच्या आदल्या रात्री वही उघडली की त्याला एकाच गणिताची दोन उत्तरं दिसतात. 'सरांनाच येत नाही' हे मत अशा वह्यांतून जन्माला आलंय. मी स्वतः पहिले दोन आठवडे उजवी पट्टी उतरवत होते. नंतर एका मैत्रिणीने तिची वही दाखवली, तिने तो भाग लाल पेनने लिहून वर फुली मारली होती. तसं करा.

वेगाची तक्रार मात्र माझीही आहे. सर पार्शल डिफरन्शिएशनमध्ये रमतात. पहिल्या तासाला भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ग्रहांच्या 'तात्कालिक गती'चा कसा विचार केला होता इथपासून सुरुवात होते (मला आवडलं होतं, शेजारणीने तेवढ्यात डबा संपवला). पण या रमण्याची किंमत सेमिस्टरच्या शेवटी मोजावी लागते. आमच्या वेळी मॅट्रिसेस आणि न्यूमेरिकल मेथड्स असे उरकले की रँक काढण्याची एकच पद्धत धड कळली. ते धडे स्वतः करायची तयारी ठेवा.

४. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. सर फक्त इंग्रजीत बोलतात का?

नाही. विधान इंग्रजीत, स्पष्टीकरण मराठी-हिंदीच्या मिसळीत. मराठीतून काही विचारलं तर मराठीतच उत्तर देतात, आणि विकलन, संकलन हे शब्द त्यांना चालतात. पेपरात तीन-चारच इंग्रजी वाक्यं पुन्हा पुन्हा लागतात, ती पाठ करून टाका. भाषेपायी सरांनी मार्क कापल्याचं मला एकाही मुलाने सांगितलेलं नाही. चिन्हापायी मात्र कापतात. पार्शल डेरिव्हेटिव्हचा 'डो' (वळणाचा डी) न काढता साधा डी काढलात तर अर्धा मार्क गेलाच.

५. सीईटीला गणितात भरपूर मार्क होते. पहिल्या टेस्टला २० पैकी ६ कसे काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि यातूनच सरांबद्दलची सगळ्यात कडवट मतं तयार होतात, म्हणून जरा सविस्तर.

सीईटीला गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ मार्क, वेळ ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास. चार पर्याय समोर असतात, किंमत घालून बघता येते, दोन पर्याय उडवता येतात, काहीच जमलं नाही तर अंदाजाने एका पर्यायावर क्लिक करता येतं. दोन वर्षं आपण हेच शिकतो, आणि ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यामुळेच आपल्याला इथे ॲडमिशन मिळालंय.

आता आमच्या वेळचा युनिव्हर्सिटीचा पेपर घ्या. ८० मार्क, ३ तास. भागून बघा, एका मार्काला सव्वादोन मिनिटं. ६ मार्कांच्या गणिताला साडेतेरा मिनिटं, ८ मार्कांच्या गणिताला १८ मिनिटं. एवढा वेळ दिलेला आहे कारण पान-दीड पान लिहायचं आहे. सीईटीवाला मुलगा हे गणित चार मिनिटांत कच्च्या पानावर सोडवतो, उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि पुढे जातो. त्याचं उत्तर बरोबर असतं. त्याला ६ पैकी २ मिळतात.

बाहेर येऊन तो म्हणतो, "सरांना बघवत नाही कोणी हुशार असलेलं." मीही असंच काहीतरी म्हणाले होते. मला पहिल्या टेस्टला ७ होते.

६. सरांची टेस्ट कशी असते?

एक तास, २० मार्क. सेमिस्टरला दोन टेस्ट आणि त्यांची सरासरी इंटर्नलला धरतात. पहिला प्रश्न सूत्राचा, तो येतोच. दुसरा ट्युटोरिअलमधलाच, आकडे बदललेला. तिसरा प्रश्न वहीत नसतो. तो वर्गात शिकवलेल्या दोन गोष्टी जोडून केलेला असतो आणि त्याच्यावरूनच 'आउट ऑफ सिलॅबस'ची आरडाओरड होते. मी चार टेस्टचे पेपर सिलॅबसशी ताडून बघितले होते, एकही प्रश्न बाहेरचा नव्हता. पण तिसऱ्या प्रश्नाला १० मार्क ठेवणं फर्स्ट इयरच्या पहिल्या टेस्टला जास्त होतं असं माझं आजही मत आहे. ५ ठेवून भागलं असतं.

७. स्टेप्सचे मार्क म्हणजे नक्की कसे देतात? उत्तर बरोबर असूनही मार्क का जातात?

माझाच पेपर दाखवते. गणित अगदी नेहमीचं होतं: यू बरोबर साइन-इन्व्हर्स, कंसात एक्स-वर्ग अधिक वाय-वर्ग भागिले एक्स अधिक वाय. सिद्ध करायचं होतं की एक्स गुणिले डो यू बाय डो एक्स, अधिक वाय गुणिले डो यू बाय डो वाय, बरोबर टॅन यू.

मला ऑयलरचं प्रमेय येत होतं. होमोजिनियस फंक्शन असेल (एक्स, वाय टी-पट केले की टी चा एक घात बाहेर निघतो, तो घात म्हणजे डिग्री) तर अशी बेरीज डिग्री गुणिले फंक्शन इतकी येते. कंसातलं होमोजिनियस आहे, डिग्री १. मी प्रमेय थेट यू ला लावलं. उत्तर आलं यू. पण सिद्ध करायचं होतं टॅन यू. मग मी काय केलं? पुढच्या ओळीत सरळ 'बरोबर टॅन यू' लिहिलं आणि खाली 'हेन्स प्रूव्ह्ड' लिहून चौकोन केला. घाईत असताना हे पाप दहापैकी सहा जण करतात.

पेपर परत मिळाला तेव्हा त्या दोन ओळींच्या मध्ये लाल पेनने एक बाण होता आणि पुढे एवढंच: "हे कुठून आलं?" ५ पैकी १.

खरी स्टेप एका ओळीची आहे. यू स्वतः होमोजिनियस नाही, साइन यू आहे. कारण एक्स आणि वाय दोन्ही टी-पट केले की कंसातली किंमत टी-पट होते, पण तिच्या साइन-इन्व्हर्समधून टी चा कुठलाच घात बाहेर काढता येत नाही. म्हणून प्रमेय साइन यू ला लावायचं. डेरिव्हेटिव्ह घेताना कॉस यू बाहेर पडतो, तो दुसऱ्या बाजूला नेला की साइन यू भागिले कॉस यू, म्हणजे टॅन यू. हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच.

त्या दिवशी मी शेजारच्या तिघांचे पेपर मागून बघितले. एकीने मधली ओळ बरोबर लिहून शेवटी चिन्ह चुकवलं होतं, तिचं उत्तर चुकीचं आणि मार्क ४. म्हणजे सर मार्क कापतात हे जितकं खरं तितकंच देतात हेही. कशाला देतात ते कळायला मला जानेवारी उजाडला.

एम-टूला याचीच दुसरी तऱ्हा भेटते. ऑर्डर बदलून डबल इंटिग्रेशन करताना आकृती काढली नाही तर सर २ मार्क काढून ठेवतात, उत्तर काहीही येवो. आणि पोलरमध्ये जाताना डीआर-डीथीटाच्या आधीचा आर विसरलात तर पुढचं तपासतच नाहीत. पहिली गोष्ट मला थोडी जाचक वाटते, दुसरी अजिबात नाही.

८. कॅल्क्युलेटरने चूक झाली तरी मार्क देतात का?

आकडेमोड चुकली तर देतात. मोड चुकला तर हसतात. न्यूटन-रॅफसनने एक्स गुणिले ई चा एक्स-घात बरोबर कॉस एक्स हे सोडवायचं असेल तर मूळ ०.५१८ च्या जवळ येतं. कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला तर कॉस जवळजवळ १ धरला जातो आणि उत्तर येतं ०.५६७. सर लांबून तो आकडा बघून सांगतात, "रेडियन." परीक्षेला जाताना हॉल तिकीट तपासता तसा मोड तपासा.

९. सर वर्गात अपमान करतात का? मी फार घाबरते.

टोमणे मारतात, हो. पहिल्या टेस्टचे मार्क आमच्या वेळी त्यांनी नाव घेऊन मोठ्याने वाचले होते. मी सातवर उभी राहिले तेव्हा म्हणाले, "ठाण्याहून रोज एवढ्यासाठी येता?" वर्ग हसला, मीही हसले, आणि परतीच्या लोकलमध्ये घणसोली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. या बाबतीत मी सरांची बाजू घेणार नाही. 'त्यांचा स्वभावच तसा आहे, मनाचे चांगले आहेत' असं सांगणारे सीनिअर भेटतील. असतीलही मनाचे चांगले, पण सहा मार्क मिळालेल्या मुलाला ते नव्वद जणांसमोर ऐकवायची काही गरज नसते.

नंतरच्या बॅचकडून कळलं की आता मार्क वाचत नाहीत, पेपर हातात देतात. कोणीतरी फीडबॅकमध्ये लिहिलं असावं (प्रश्न १५). प्रश्न विचारणाऱ्याला ते कधीच टोमणा मारत नाहीत, हेही खरं आहे. गप्प बसणारा आणि उत्तर चोरून लिहिणारा, या दोघांवर राग.

१०. झेरॉक्सवाल्याकडे सरांच्या नोट्स मिळतात. घेऊ का?

गेटसमोरच्या दुकानात स्पायरल केलेली प्रत मिळते, ती कुणा मुलीची जुनी वही आहे, सरांच्या नोट्स नव्हेत. अक्षर सुंदर आहे. त्यात उजव्या पट्टीतली चुकीची गणितंही बरोबर म्हणून आलेली आहेत (प्रश्न ३), त्यामुळे जपून. युनिव्हर्सिटीचे जुने सोडवलेले पेपर मात्र जरूर घ्या.

११. बाहेर क्लास लावला तर सरांना चालतं का? आणि लावावा का?

सरांना फरक पडत नाही. वाशी, नेरुळ, ठाणे, सगळीकडे इंजिनिअरिंग मॅथ्सचे क्लास आहेत आणि आमच्या वर्गातली बरीच मुलं जायची. क्लासमध्ये गणिताचे 'टाइप' पाडून देतात, टाइप एक, टाइप दोन. युनिव्हर्सिटीच्या पेपरला ते उपयोगी पडायचं. सरांच्या तिसऱ्या प्रश्नाला पडायचं नाही.

मी लावला नाही. पैशांपेक्षा वेळेचा प्रश्न होता. सहा वाजता कॉलेजमधून सुटून ठाण्याला पोचेपर्यंत साडेसात, मग क्लास, मग घर. त्यापेक्षा मी सरांचे ट्युटोरिअल शीट दोनदा सोडवले, एकदा वही बघून आणि एकदा न बघता. दुसऱ्या टेस्टला १४ आले. ज्याला बारावीचं इंटिग्रेशनच कच्चं आहे त्याने मात्र क्लास किंवा कोणीतरी समजावणारं शोधावंच, कारण एम-टूला सर ते पुन्हा शिकवत नाहीत.

१२. टर्मवर्क आणि अटेंडन्समध्ये अडवतात का?

आमच्या वेळी टर्मवर्कचे २५ मार्क वेगळे होते, त्यात पास व्हायला १० लागायचे. ट्युटोरिअल वेळेवर दिलीत तर सर हात सैल सोडतात. एकमेकांचं उतरवलेलं ओळखतात, कारण एकाची चूक दहा वह्यांत सापडते. अटेंडन्स ७५ टक्के. ट्रेन बंद पडली हे कारण ते ऐकून घेतात, ते स्वतःही लोकलनेच येतात.

१३. सर मुद्दाम नापास करतात, असं ऐकलंय.

आधी हिशेब समजून घ्या. 'सी' स्कीममध्ये तीन वेगळे पास असायचे: लेखी ८० पैकी ३२, इंटर्नल २० पैकी ८, टर्मवर्क २५ पैकी १०. सरांच्या हातात शेवटचे दोन. माझे इंटर्नलचे ७ आणि १४, सरासरी साडेदहा, सुटले. इंटर्नलमध्ये अडकलेली मुलं आमच्या वर्गात होती, पण त्यातल्या प्रत्येकाने एक तरी टेस्ट दिलीच नव्हती किंवा कोरी दिली होती. सरांनी त्यांची पुन्हा टेस्ट घेतली. मुद्दाम नापास केल्याचं एकही उदाहरण मला नाव-गावासकट कोणी सांगू शकलेलं नाही, 'माझ्या मित्राच्या रूममेटचं झालं' एवढंच येतं.

१४. एक सीनिअर म्हणतो सर एकदम सोपे, दुसरा म्हणतो आयुष्य बरबाद केलं. कोणाचं ऐकू?

मत ऐकायच्या आधी दोन गोष्टी विचारा. तू कुठल्या वर्षी फर्स्ट इयरला होतास? आणि तुझा फायनल पेपर कोणी काढला होता?

कोविडच्या काळातल्या बॅचने ऑनलाइन, पर्यायी उत्तरांची परीक्षा दिली. त्यांच्यासाठी सर म्हणजे स्क्रीनवर दिसणारा एक फळा आणि मधूनमधून "आवाज येतोय का?" ती मुलं सरांना सोपे म्हणतात, ती खोटं बोलत नाहीत. स्टेप्सशी त्यांची गाठच पडली नाही.

आमच्या आणि आधीच्या बॅचला युनिव्हर्सिटीचा पेपर होता. सहा प्रश्न, प्रत्येकी २० मार्क, पहिला सक्तीचा आणि उरलेल्या पाचांतले तीन. अख्खा धडा सोडूनही पास होता यायचं. मग आमच्यातल्या अनेकांनी सरांच्या टेस्टपुरताच राग धरला आणि फायनलला जुने पेपर करून निघून गेले. 'सर कडक, पण फायनलला फरक पडत नाही' हे मत या बॅचचं.

आता कॉलेज ऑटोनॉमस झालंय. डिग्री मुंबई विद्यापीठाचीच मिळते, पण पेपर काढायचा आणि तपासायचा कॉलेजने. म्हणजे जो तिसरा प्रश्न आम्हाला टेस्टलाच भेटायचा, तो तुम्हाला फायनललाही भेटू शकतो. आमच्या बॅचचा 'फरक पडत नाही' हा सल्ला तुमच्यासाठी शिळा आहे. माझा सल्लाही काही अंशी शिळा आहे. ऑटोनॉमसच्या पहिल्या बॅचमधल्या कुणाला तरी गाठा आणि फायनलचा पेपर प्रत्यक्ष बघा.

१५. फीडबॅक फॉर्ममध्ये खरं लिहिलं तर सरांना कळतं का कोणी लिहिलं?

आमच्याकडे फॉर्मवर नाव नसायचं. पण 'मी ठाण्याहून येते आणि मला ७ मिळाले' असं लिहिलंत तर नाव कशाला हवं? शिवीगाळ आणि 'बेस्ट टीचर एव्हर' दोन्ही वाया जातं. 'मॅट्रिसेस दोन तासांत संपवले, चार तास हवे होते' असं लिहा. आमच्या पुढच्या बॅचला मॅट्रिसेस आधी घेतले गेले, त्यात आमच्या फॉर्मचा हात होता असं मी धरून चालते.

१६. टेस्टचा पेपर बघितला, मार्क कमी वाटतात. बोलायला जाऊ का?

जा, पण पेपर घेऊन आणि गणित पुन्हा पूर्ण सोडवून जा. "सर, दोन मार्क वाढवा ना" म्हणालात तर दारातूनच परत. "सर, ही ओळ इथे आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली का?" म्हणालात तर खुर्ची देतात. माझ्या एका मित्राचं मागच्या पानावरचं अख्खं गणित तपासायचं राहिलं होतं. सरांनी माफी मागून ४ मार्क वाढवले आणि पुढच्या तासाला वर्गाला सांगितलंही.

युनिव्हर्सिटीच्या फायनलची गोष्ट वेगळी. तिथे निकालानंतर ठरलेल्या मुदतीत फी भरून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी किंवा रिव्हॅल्युएशन मागायचं असतं, सरांकडे जाऊन काही होत नाही. जुनी केटी (नापास होऊन राहिलेला विषय) असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

१७. एम-वनला केटी आहे. एम-टू समजेल का?

एम-वनचे कॉम्प्लेक्स नंबर्स आणि मॅट्रिसेस राहिले असतील तर एम-टू खुशाल करा. पार्शल डिफरन्शिएशन राहिलं असेल तर आधी ते उरका. एक्झॅक्ट डिफरन्शियल इक्वेशन ओळखायची कसोटीच मुळी पार्शल डेरिव्हेटिव्हवर आहे: एम चं वायच्या दिशेने आणि एन चं एक्सच्या दिशेने, दोन्ही सारखी आली तर एक्झॅक्ट. सर केटीवाल्यांना वेगळं बसवून शिकवत नाहीत, पण ट्युटोरिअलला नव्या बॅचबरोबर बसायची परवानगी मागितली तर देतात.

१८. मी डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलोय. सरांकडे एम-वन, एम-टू झालंच नाही. माझं काय?

तुमची अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. डिप्लोमाला डेरिव्हेटिव्ह आणि साधं इंटिग्रेशन झालेलं असतं, पण एम-थ्री जिथून सुरू होतं तिथपर्यंत ते पोचत नाही. लाप्लासला टी च्या अपूर्णांकी घातासाठी गॅमा फंक्शन लागतं, ते एम-टूचं. कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्समधली कॉशी-रीमान समीकरणं पार्शल डेरिव्हेटिव्हची, ती एम-वनची. फूरिए सिरीजला इंटिग्रेशन बाय पार्ट्स डोळे मिटून यावं लागतं.

पूर्ण एम-वन, एम-टू करायच्या मागे लागू नका, वेळ नाही. पार्शल डिफरन्शिएशनची पहिली चार ट्युटोरिअल, गॅमाची मूळ सूत्रं (एक-द्वितीयांशचा गॅमा म्हणजे पायचं वर्गमूळ, हे धरून) आणि बाय पार्ट्स, एवढं आधीच्या सुट्टीत करा. सर एम-थ्री शिकवत नाहीत, पण दुपारी जेवणानंतर केबिनमध्ये असतात आणि डिप्लोमाची मुलं आली तर त्यांना हाकलत नाहीत. मी दोघांना घेऊन गेले होते. एक तास बसवून घेतलं, टोमणा एकही नाही.

१९. दुसऱ्या डिव्हिजनला मॅडम आहेत, त्या मार्क देतात म्हणे. डिव्हिजन बदलून मिळते का?

नाही. आणि टेस्टचा पेपर दोन्ही डिव्हिजनला एकच असतो.

२०. हे सगळं सरांनी वाचलंय का?

वाचलंय. कोणीतरी प्रिंट काढून दिली. प्रश्न ९ बद्दल काही बोलले नाहीत. प्रश्न ७ मध्ये मी आधी फक्त 'यू स्वतः होमोजिनियस नाही' एवढंच लिहिलं होतं, कारण दिलं नव्हतं. प्रिंट परत आली तेव्हा त्या ओळीपुढे लाल पेनने लिहिलं होतं, "का?" आता दिलंय.